एका डब्यातली दोन घड्याळं

९ मार्च, रविवार

सोसायटीनं जानेवारीत दिलेली ही डायरी इतके दिवस कोरीच पडून होती. आजपासून लिहितो, कारण घरात काहीतरी शिजतंय असं मला वाटतं, आणि उद्या कुणी मलाच खोटं पाडायला निघालं तर माझ्याजवळ लिहिलेलं असावं.

झालं असं की यात्रेच्या घड्याळाचा कॉम्प्युटर सकाळी लावून बघितला, तर पंखा गरगरला, जळका वास आला आणि संपलं. यात्रा महिन्यावर आली आहे. लोणीच्या घाटात बैलगाडे पळतात तेव्हा त्यांचे सेकंद माझ्या टेबलावर मोजले जातात. शर्यतींवर बंदी यायच्या आधीपासून हे काम माझ्याकडं आहे. बंदीच्या सगळ्या वर्षांत यंत्र पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलं, पण भंगारात घातलं नाही. घाटाच्या पायथ्याला निशाण पडलं की मी बटण दाबायचं, आणि बैल वरच्या टोकाला लावलेल्या अदृश्य किरणातून गेले की घड्याळ आपोआप थांबतं. मोठ्या पाटीवर लाल आकडे उमटतात. घाटाचा राजा कोण, हे त्या आकड्यांवर ठरतं. भगवंत घड्याळवाल्याच्या आकड्यावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

पंचाईत ही, की मोजणीचा प्रोग्राम जुन्या विंडोज एक्सपीवरच चालतो. मंचरच्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला आणि मदरबोर्ड गेला म्हणून परत बंद केला. नव्या कॉम्प्युटरवर तुमचा प्रोग्राम उघडणारसुद्धा नाही, असंही वर ऐकवलं.

घरी येऊन सांगितलं तर सूनबाई, वृषाली, लगेच म्हणाली, "माझ्यावर सोपवा अण्णा." लगेच. विचार करायला क्षणभर थांबली नाही. तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलाय हे खरं. पण तिचं माहेर आळ्याचं आणि तिचा भाऊ संपत गाडामालक आहे. त्याचा गाडा यंदा आमच्या घाटात पळणार आहे. हे इथं लिहून ठेवतो.

१३ मार्च, गुरुवार

वृषालीनं कुणाकडून तरी वापरलेला कॉम्प्युटर आणला. मागं प्रिंटरची ती जुनी रुंद खाच आहे, तिच्यातच माझ्या किरणाची वायर बसते. तिथवर ठीक होतं. मग म्हणाली, एक्सपी बसवते, आणि शेजारी लिनक्सही बसवते. चालू करताना कोणती पाहिजे ते निवडायचं.

मी विचारलं, एका डब्यात दोन कशाला? एक्सपी तुमच्या घड्याळाला, दुसरी मला, म्हणाली. ती दुसरी फुकट मिळते म्हणे. फुकट वस्तू कुणी का देतं, याचा विचार तिच्या पिढीनं करायचं सोडून दिलंय.

एक चालू असताना दुसरी काय करते, हे मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, झोपलेली असते. झोपलेलं माणूस कधीही उठू शकतं, हे मला सांगायला नको.

१६ मार्च, रविवार

मुलगा गोरख चाकणहून सुट्टीला आला होता, त्याच्यासमोरच आज काम उरकलं. मी खुर्ची टाकून शेजारी बसून राहिलो. आधी डिस्कचे दोन भाग केले. जुनी आधी बसवायची, मग नवी. उलट केलं तर जुनी आपलंच दार लावून घेते आणि नवीला आत येऊ देत नाही, असं वृषाली म्हणाली, आणि गोरख उगाचच हसला. काय हसण्यासारखं होतं मला कळलं नाही. माझी बायको ठमाही तोंडाला पदर लावून उठून गेली.

जुन्या डब्यावर एक्सपीचा स्टिकर आहे, त्यावरचा नंबर भरावा लागतो. मी भिंग लावून बघितलं तर स्टिकर पार पुसलेला. वृषालीनं मात्र एकेक अक्षर धडाधड वाचलं. तिला तो नंबर आधीच पाठ होता की काय, कोण जाणे.

पण संध्याकाळी माझा प्रोग्राम उघडला. तोच निळा पडदा, तेच पिवळं शून्य. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वृषालीनं सगळ्यांना चहा केला आणि मी तिचं कौतुकही केलं. मग लक्षात आलं की आकडे पूर्वीपेक्षा दुप्पट मोठे आहेत. मी सांगितलं नसताना तिनं माझ्या आकड्यांना हात लावला होता.

१९ मार्च, बुधवार

सकाळी कॉम्प्युटर लावला, एक्सपी निवडली, तर कोपऱ्यातल्या घड्याळात मध्यरात्रीनंतरचे काहीतरी वाजले होते. बाहेर ऊन पडलेलं. चांगलं साडेपाच तास मागं. मी नीट लावून ठेवलं.

ज्याची उभी हयात सेकंद सांभाळण्यात गेली, त्याच्या घरात त्याच्याच टेबलावरचं घड्याळ कुणीतरी फिरवतं.

२१ मार्च, शुक्रवार

पुन्हा तेच, पुन्हा साडेपाच तास. घरात कुणाला काही बोललो नाही. मळ्यात जाऊन मंचरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो हसून म्हणाला, यात चोरीबिरी नाही. ती लिनक्स डब्याच्या आतल्या घड्याळात लंडनची वेळ लिहिते आणि आपल्याला पडद्यावर इथली करून दाखवते. एक्सपीला ते ठाऊक नसतं, ती आतलं आहे तसं वाचते. म्हणून साडेपाच तास मागं. सेकंद मोजायला त्यानं काही फरक पडत नाही, एक सेटिंग बदललं की झालं.

म्हणजे घड्याळ मागं दिसलं की समजायचं, माझ्यामागं कुणीतरी दुसरी बाजू उघडली होती. मी सेटिंग बदलायला सांगणार नाही. हा पहारेकरी मला फुकटात मिळाला आहे.

२४ मार्च, सोमवार

चार दिवसांत तीनदा घड्याळ मागं. मी मळ्यात कांदा काढायला गेलो की घरात लिनक्स उठते.

आज संपत आला होता. बहिणीला द्राक्षांची पेटी घेऊन आला. माणूस बोलायला गोड आहे. मी नमस्कार केला आणि ओट्यावर जाऊन बसलो. घड्याळवाल्यानं गाडामालकाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा माझा नेम आहे. गोरखच्या लग्नात आळ्याला मी माझा डबा घरून नेला होता. वऱ्हाड पंगतीला बसलं आणि मी मांडवामागं भाकरी खाल्ली. विहीणबाई लंकाबाई अजून ते विसरलेल्या नाहीत. पण माझ्या आकड्यावर कुणी बोट का ठेवत नाही, याचं उत्तर त्या भाकरीत आहे.

संपत आत वृषालीशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. मी गेल्यावर गप्प झाले. द्राक्षं मी खाल्ली नाहीत. ठमानं खाल्ली आणि गोड आहेत असं मला दोनदा सांगितलं.

२७ मार्च, गुरुवार

वृषालीच्या खोलीत कॉटखाली वायरचं मोठं भेंडोळं आहे आणि एक लहान डबी, तिच्यात भिंग बसवलेलं. माझ्या वरच्या टोकाच्या किरणाची डबी असते तशीच. दुसरी कशाला लागते? घाट एक, घड्याळ एक.

हल्ली घरात उजेडही कमी झालाय. ट्यूब बदलली तरी पिवळटच दिसतं. पेपरवाले शाई वाचवतात. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याभोवती कडी दिसतात, ती धुळीची असणार.

३० मार्च, रविवार, पाडवा

सणाच्या दिवशी हे लिहावं लागतंय.

गुढी उभारून मी सुभाषकडं गेलो होतो, यात्रा कमिटीचा तो अध्यक्ष. बैठक लवकर मोडली. घरी आलो तर वृषाली कॉम्प्युटरसमोर, दुसऱ्या बाजूत. पडद्यावर आमच्याच घाटाचा गेल्या वर्षीचा व्हिडिओ थांबवलेला. मी पडद्याला नाक लावून बघितलं, गाडा संपतचा. खाली काहीतरी आकडे मांडलेले.

मी ठमासमोर आणि गोरखसमोर विचारलं, किती सेकंद द्यायचे ठरलेत भावाला? वृषालीचा चेहरा उतरला. गोरख उठून उभा राहिला, पण तिनं त्याला हातानंच खाली बसवलं.

"अण्णा, निशाण कवा पडलं आन् तुमचं बटण कवा पडलं, येवढं बगा. माझ्या भावाचं नगा बगू. कुणाच्याबी गाड्याचं बगा."

मी म्हणालो, मला माझं काम शिकवू नकोस. कॉटखालच्या डबीचंही विचारलं. ती म्हणाली, डबी पायथ्याला लावायची, तिच्यासाठी लिनक्सवर नवा प्रोग्राम केलाय, मग सुरुवातही किरणानं होईल, कुणाला बटण दाबायला लागणार नाही. म्हणजे मी लागणार नाही. सरळ असं का म्हणत नाही?

"तुमी लागणारच हाय, अण्णा," ती म्हणाली, "पण तुमच्यावर कुणी बोलाय नगो, येवढ्यासाटी केलं."

घड्याळ माझं, घाट माझ्या गावचा, आणि माझ्यावर कोण बोलणार हे आळ्याची पोर ठरवणार. पुरणपोळी मी खाल्ली नाही. भूक होती.

१ एप्रिल, मंगळवार

कॉम्प्युटरची विजेची वायर काढून मी पिशवीत घातली आहे आणि पिशवी मळ्यात जाताना बरोबर नेतो. आता दोन्ही बाजू झोपल्या.

ठमा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आज जेवताना तिनं एवढंच म्हटलं, "परवा दारात सखूबाई हुबी व्हती, तुमी तिला वृषाली म्हणून हाक मारली." सखूबाई आमची शेजारीण, माझ्यापेक्षा वयानं मोठी. आता डोक्यावर पदर घेऊन पाठमोरी बाई उभी राहिली तर कुणीही चुकेल. पाठमोरी नव्हती, असं ठमाचं म्हणणं. वृषालीनं तिलाही आपल्या बाजूला ओढलंय.

६ एप्रिल, रविवार

घाटात चाचणी झाली. पाटी, किरण, प्रोग्राम, सगळं चोख. कमिटीतली पोरं पायथ्यावरून दुचाकी पळवत वर आली आणि आकडे खटाखट उमटले. निशाण पडलं की माइकवाला "सुटला रं" अशी आरोळी देतो. त्याचा आवाज आणि माझं बोट, इतक्या वर्षांची जोडी आहे. त्यानं तोंड उघडलं की माझं बोट आपोआप पडतं.

वृषालीनं जेवणाचा डबा आणून दिला आणि गेली. डबा आमच्या घरचाच होता. तरी मी उघडून बघितला.

१० एप्रिल, गुरुवार, यात्रेचा पहिला दिवस

दुपारच्या सुट्टीत लिहितोय. सकाळपासून पळालेल्या गाड्यांच्या सगळ्या बाऱ्या बिनतक्रार. भंडारा उडतोय, घोडी पुढं, बैल मागं, माणसं टेकडीवर मुंग्यांसारखी. एकानंही आकड्यावर शब्द काढला नाही. संपतची बारी दुपारनंतर आहे. त्याच्या बारीला मी डोळ्यांत तेल घालून बसणार.

११ एप्रिल, शुक्रवार

काल लिहायला हात धजला नाही. आता पहाट झालीय, दुसरा दिवस सुरू व्हायच्या आत लिहून टाकतो.

संपतचा गाडा जुपला तेव्हा ऊन समोरून येत होतं. मी बटणावर बोट ठेवून पायथ्याकडं बघत होतो. पायथ्याला पांढरट उजेड दिसत होता, दुसरं काही नाही. मी आरोळीची वाट बघत होतो. गर्दीत कुणाचा तरी पाय अडकून माइकची वायर निघाली होती, हे मला नंतर कळलं. आरोळी आलीच नाही. एकदम टापा ऐकू आल्या, मंडपासमोरून धूळ गेली, लोक ओरडले. पाटीवर शून्य होतं आणि माझं बोट जिथल्या तिथं होतं.

मग कुणीतरी शिट्टी मारली. सुभाष माझ्या टेबलाशी आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "अण्णा, मानलं राव. निशाणाच्या आधी सुटला न्हवं त्यो? सुनंचा भाऊ असून तुमी घड्याळ चालू क्येलं न्हाई." शेजारचे दोघं-तिघं मान डोलवायला लागले. बघता बघता मंडपभर ते पसरलं. भगवंत घड्याळवाल्यानं सोयऱ्यालाही सोडलं नाही.

मला काहीच करायला लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसलो असतो, तरी मरेपर्यंत माझं नाव राहिलं असतं. संपत बैलांना धरून खाली उभा होता. त्याचा गाडा आधी सुटला होता की नव्हता, हे मला माहीत नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं. मी काही बघितलंच नव्हतं. आणि मग वाटलं, सकाळपासून तरी कुठं बघितलं होतं? गेल्या वर्षी तरी? मी माइकवाल्याचं तोंड मोजत होतो. वृषाली मला पाडव्याला तेवढंच बघायला सांगत होती. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

माइक चालू झाल्यावर मी तो हातात मागून घेतला. काय बोललो ते आठवतं तसं लिहितो.

"संपतचा गाडा बराबर सुटला का न्हाई, मला ठावं न्हाई. मला निशाण दिसलं न्हाई. सकाळपासनं एकबी दिसलं न्हाई. आरोळी ऐकून बटण दाबत व्हतो. चूक माझी हाये, बैलांची न्हाई."

मग खाली बसलो.

आरडाओरडा व्हायचा तो झाला. ज्यांचे आकडे चांगले आले होते ते चिडले, ज्यांचे वाईट आले होते तेही चिडले. कमिटीनं ठरवलं की आजचे निवडलेले गाडे उद्या पुन्हा पळवायचे आणि संपतलाही बारी परत द्यायची. पण घड्याळाचं काय, असं सुभाषनं विचारलं. बायकांच्या बाजूनं वृषाली उठून आली. कॉटखालचं ते भेंडोळं तिनं सकाळीच गोरखच्या गाडीत आणून ठेवलं होतं. मी कधी ना कधी मागेन असं तिला वाटत होतं, की मी अडेन असं, हे मी विचारलं नाही.

तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडद्यावर दोन ओळी आल्या. बाण खालच्या, लिनक्सच्या ओळीवर नेला आणि माझ्याकडं बघून थांबली. मी मान हलवली, मग तिनं बटण दाबलं.

तेवढ्यात संपत टेबलाशी आला. मला वाटलं, आता हा नव्या घड्याळावर आपली बारी मागणार. तो म्हणाला, "बहीण घड्याळावर बसली तर आमचा गाडा जुपायचा न्हाई. तुमची बारी तुमाला परत."

बैल टेम्पोत चढवून तो तसाच आळ्याला गेला. वर्षभर खुराक घालून, मालीश करून तयार केलेले बैल. मी त्याच्या घरचं पाणी का पीत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त चांगलं समजलं होतं.

१२ एप्रिल, शनिवार

कालच्या बाऱ्या नव्या घड्याळावर झाल्या, वर आणि खाली दोन्हीकडं किरण. एकाचीही तक्रार आली नाही. घाटाचा राजा कुठला गाडा झाला ते गावाला ठाऊक आहे. मी दिवसभर शेजारच्या खुर्चीवर बसून होतो. आरोळीबरोबर माझं बोट मांडीवर पडत होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही मोतीबिंदू पिकलेत म्हणून सांगितलं. आधी का आला नाहीत, असंही विचारलं. मी म्हणालो, मला वाटलं जगच खराब झालंय. ते हसले. मी विनोद केला नव्हता. उजवा डोळा पुढच्या आठवड्यात. डॉक्टर विश्वासाचे वाटतात, पण दुसऱ्या एकांनाही विचारून घेणार आहे.

मढ गावाकडच्या एका यात्रेतून वृषालीला घड्याळ घेऊन या म्हणून निरोप आला. आणखी दोन गावांहूनही आला. मला कुणी विचारलं नाही. वाईट वाटलं, लिहून ठेवतो.

सकाळी कॉम्प्युटर लावला. एक्सपीतलं घड्याळ बरोबर होतं. तिनं सेटिंग बदललंय. आता ती दुसरी बाजू कधी उघडते, हे मला कळणार नाही.

२० एप्रिल, रविवार

आज आळ्याला गेलो. मी, ठमा, गोरख आणि वृषाली. आता मी घड्याळवाला नाही, तेव्हा नेम सुटला, असं मीच आदल्या दिवशी जाहीर केलं होतं. संपतला दोन शब्द बोलायचे होते. बैलांजवळ उभं राहून बोललो. त्यानं मला पुरतं बोलू दिलं नाही, म्हणाला पुढच्या वर्षी बघू की.

लंकाबाईंनी पाट मांडला, स्वतः चहा आणला. लग्नाच्या दिवशीची भाकरी त्यांनी हसत हसत काढलीच. मी बशीत ओतून चहा प्यालो. साखर जरा जास्त होती. दुसरा कपही घेतला.

मग लंकाबाईंनी लेकीपुढं कप ठेवला. वृषालीनं तो हळूच बाजूला सारला. आई म्हणाली, सरबत करू का? नको म्हणाली. पाणी तरी? वैशाखापर्यंत यात्रा आहेत आई, एवढंच ती म्हणाली. संपत खाली बघत होता. लंकाबाईंचे डोळे भरून आले आणि त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी तिला कधी असं काही सांगितलं नव्हतं. शपथेवर लिहितो.

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आपल्या आईच्या घरात बसून ते पाणी प्यायली. बाटली मी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेऊन बघितली. आमच्या घरचीच होती.